देव घासतो तसं नाणं घासू नका

मागच्या अंकात संपादकांनी माझ्या नावापुढे ‘नाणेतज्ज्ञ’ लिहिलं. मी तज्ज्ञ वगैरे नाही. १९७४ पासून क्लीव्हलंडमधल्या एका बँकेत काउंटरच्या मागे उभी राहिले आणि लोकांनी आणलेली चिल्लर मोजता मोजता अर्ध्या डॉलरच्या नादाला लागले, एवढंच. त्या वेळी ड्रॉवरमध्ये चांदीचा हाफ कधीतरीच सापडायचा, पण टेबलावर पडला की आवाजावरून कळायचा. तो आवाज अजून कानात आहे. या वेळी फक्त हाफ डॉलरचे प्रश्न मागवले होते. आलेल्यांपैकी काही घेते आहे.

*

ताई, शेजारच्या आजोबांच्या निधनानंतर त्यांच्या घरातल्या सामानाची विक्री झाली. तिथे मला सिगारच्या खोक्यात ३८ वॉकिंग लिबर्टी (चालत्या स्वातंत्र्यदेवीचे) हाफ मिळाले. काळपट होते म्हणून सहा नाणी बेकिंग सोडा आणि जुन्या टूथब्रशने घासली. आरशासारखी झाली. विक्रेत्याकडे नेली तर त्या सहांना तो फक्त चांदीचा भाव देतो म्हणाला, आणि काळ्या नाण्यांपैकी दोनांना मात्र जास्त. हा काय न्याय?
— वाचक, एडिसन, न्यू जर्सी

विक्रेत्याने तुम्हाला फसवलं नाही. अशा विक्रेत्याला धरून राहा.

आपल्या हाताला सवय असते. दिवाळी आली की देव घासायचे, समई घासायची. काळं म्हणजे मळ आणि चकाकतं म्हणजे स्वच्छ, हे मनात बसलेलं असतं. नाण्याच्या बाबतीत ते उलटं आहे. टांकसाळीत दोन ठशांमध्ये कोरी चकती दाबली जाते तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो, आणि त्या सरकण्याच्या अतिशय बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं की त्या रेषांवरून प्रकाशाचा पट्टा गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. जाणकार याला ‘कार्टव्हील लस्टर’ म्हणतात. नव्या नाण्याची सगळी किंमत या फिरत्या उजेडात आहे. बेकिंग सोड्याचे कण आणि ब्रशचे केस या रेषांवरून फिरले की त्या तुटतात आणि त्यांच्या जागी नव्या, एकाच दिशेच्या, केसासारख्या ओरखड्या उठतात. तुमची सहा नाणी आरशासारखी दिसतात, पण फिरवून बघा. उजेड फिरणार नाही, जागच्या जागी उभा राहील.

काळपटपणा हा मळ नाही. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन बसलेला तो पातळ थर आहे. कागदी पाकिटात किंवा जुन्या पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यावर तो आधी पिवळसर, मग जांभळट, मग निळा असा चढत जातो. असा नैसर्गिक रंग चढलेल्या नाण्यासाठी लोक जादा पैसे मोजतात.

मीही शहाणी नव्हते हे सांगून टाकते. १९८३ साली माझ्याकडे १९१९ चा डेन्व्हरचा वॉकिंग लिबर्टी होता. एक्सएफ, म्हणजे फार कमी झिजलेला, म्हणता येईल असा, थोडा तपकिरी. दागिने उजळायच्या द्रवात तो बुडवला. पाच सेकंद म्हणून ठरवलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. परत आले तेव्हा नाणं पांढरं शुभ्र होतं आणि त्यात जीव नव्हता. तो द्रव नुसता काळेपणा काढत नाही, वरचा धातूही विरघळवतो. ते नाणं मी विकलं नाही. कुणी नवखा भेटला की त्याच्या हातात देते आणि शेजारी न बुडवलेलं दुसरं ठेवते. बोलावं लागत नाही.

उरलेल्या ३२ नाण्यांना काही करू नका. कडेला धरा, चेहऱ्याला बोट लावू नका. एखाद्यावर हिरवा चिकट थर असेल तर तो मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटाचा प्रताप आहे. तेवढ्यापुरतं शुद्ध ॲसिटोन चालतं. नखांच्या पॉलिशचं नको, त्यात सुगंध आणि तेल असतं. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस नको. नाणं बुडवायचं आणि बाहेर काढून आपसूक वाळू द्यायचं. पुसायचं नाही. ॲसिटोन चांदीला हात लावत नाही, फक्त ती घाण उचलतं.

आणि ती सहा नाणी? प्रत्येकात साधारण ०.३६ ट्रॉय औंस चांदी आहेच. ती कुठे जात नाही.

*

माझ्याकडे १९४१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा हाफ आहे. लिबर्टीचा डावा हात सपाट दिसतो, बोटं कळत नाहीत. विक्रेता म्हणतो, वापरलेलं आहे, एयू-५८. मला तर नवं कोरं वाटतं. कोण बरोबर?
— वाचक, ह्यूस्टन

नाण्याची अवस्था १ ते ७० अशा आकड्यांत मोजतात. ६० पासून पुढे न वापरलेलं, आणि एयू-५८ म्हणजे त्याच्या अगदी खालची पायरी. फोटोवरून निकाल देणार नाही, पण तुमची बाजू बरोबर असू शकते. शिकण्यासारखा मुद्दा आहे, म्हणून जरा थांबते.

ॲडॉल्फ वाइनमन यांनी १९१६ साली हे नाणं घडवलं तेव्हा त्यात एक अडचण राहून गेली. लिबर्टीचं अंग आणि तो पुढे आलेला हात बरोबर मध्यभागी येतो, आणि मागच्या बाजूला त्याच जागी गरुडाची छाती आहे. दोन्हीकडे उंच भाग समोरासमोर आले की मधल्या धातूला दोन्ही खळग्यांत पुरेपूर भरता येत नाही. दाब थोडा कमी पडला की हात आणि घागऱ्याच्या चुण्या अर्धवट उठतात. ‘एस’ खुणेची, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची, १९४० च्या दशकातली नाणी यासाठी बदनाम आहेत, आणि १९४१ चं त्यांतलंच. म्हणजे त्या हाताला बोटं कधी नव्हतीच.

झीज की कच्चा ठसा, हे ओळखायला एकच दिवा हवा, वरून येणारा. ट्यूबलाइट नको. नाणं हळूहळू तिरकं करा आणि प्रकाशाचा पट्टा त्या सपाट हातावरून जाताना बघा. पट्टा अखंड गेला, हातावरही तीच रेशमी चमक राहिली, तर ठसा कच्चा आहे आणि नाणं वापरलेलं नाही. हातावर पोचताच पट्टा विझला, तिथे राखाडी, मंद डाग दिसला, तर ती घसट आहे. गुडघा, छाती, डोकं आणि मागे गरुडाच्या छातीची आणि पायाची पिसं, एवढ्या जागा याच तऱ्हेने तपासा.

एयू-५८ हा शब्द ऐकून नाक मुरडू नका. ५८ चं नाणं बहुतेकदा ६० किंवा ६१ च्या नाण्यापेक्षा देखणं असतं. ६० चं नाणं वापरलेलं नसतं, पण पोत्यात इतरांवर आपटून आपटून त्याचा चेहरा फुटलेला असतो. ५८ चं नाणं कुणाच्या तरी खिशात आठवडाभर राहून परत आलेलं. माझ्या अल्बममध्ये ५८ च जास्त आहेत.

*

१९६७ चा केनेडी हाफ चांदीचा आहे का?
— वाचक, टॅम्पा

४० टक्के. १९६४ चा ९० टक्के, १९६५ ते १९७० चे ४० टक्के, १९७१ पासून रोजच्या नाण्यांत चांदी नाही. शंका आली तर कड बघा. बिनचांदीच्या नाण्याच्या कडेला तांब्याची लाल पट्टी दिसते.

*

अटलांटाच्या एका प्रदर्शनात १८६१ चा ‘ओ’ खुणेचा सीटेड लिबर्टी हाफ घेतला. लेबलवर लिहिलं होतं, ‘कॉन्फेडरेट नाणं’. पैसे जास्त दिले. खरंच दक्षिणेच्या सरकारने पाडलेलं असेल का?
— वाचक, अटलांटा

असेलही, पण लेबल लिहिणाऱ्याला ते कशावरून कळलं हे त्याला विचारायला हवं होतं.

‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्स. त्या एका वर्षी तिथे तीन सरकारांनी एकाच प्रकारचं नाणं पाडलं. जानेवारीत अमेरिकी संघराज्याने सुमारे ३ लाख ३० हजार. मग २६ जानेवारीला लुइझियाना संघराज्यातून बाहेर पडलं, त्या राज्याने टांकसाळ ताब्यात घेतली आणि १२ लाख ४० हजार पाडले. त्यानंतर ती कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या, सरकारकडे गेली, आणि चांदी संपेपर्यंत, एप्रिलअखेर, आणखी ९ लाख ६२ हजार ६३३. ठसे तेच, चांदी तीच, माणसंही बरीचशी तीच. नाण्यावर मालकाचं नाव बदललं नाही.

मग ओळखायचं कसं? ठशांवरून. प्रत्येक ठसा वापरता वापरता झिजतो, तडकतो, आणि त्या तडा नाण्यावर उठलेल्या रेषा म्हणून दिसतात. अभ्यासकांनी हे ठसे जोडीजोडीने क्रमाने लावले आहेत. त्यांतल्या पुढच्या बाजूच्या एका ठशाला लिबर्टीच्या नाकापासून कडेकडे जाणारी तडा होती, आणि तोच ठसा कॉन्फेडरेट सरकारने आपल्या स्वतःच्या हाफ डॉलरच्या नमुन्यांना पुढच्या बाजूने वापरला. असे मूळ नमुने फक्त चार. त्यामुळे नाकापासून निघालेली ती रेषा तुमच्या नाण्यावर असेल तर लेबलात तथ्य आहे. नसेल तर ठशांच्या जोडीचा क्रमांक काढून घ्यावा लागेल. ते काम भिंगाचं आहे, लेबलाचं नाही. एकूण संख्या बघता, अंदाजाने हात घातला तर लुइझियाना राज्याचं नाणं हाती लागण्याची शक्यता जास्त.

आणखी एक बघा. नाण्याचा पृष्ठभाग बारीक खडबडीत, जणू वाळूने चावल्यासारखा आहे का? १८६५ मध्ये जॉर्जियाच्या किनाऱ्याबाहेर ‘रिपब्लिक’ नावाची बोट बुडाली. २००३ मध्ये ती सापडली तेव्हा तिच्यातून हाफ डॉलर ढिगाने निघाले, त्यांत १८६१ चे ‘ओ’ भरपूर. समुद्राच्या पाण्याने खाल्लेल्या अशा नाण्यांना ग्रेड देताना ‘शिपरेक इफेक्ट’ असं लिहितात, साधा आकडा देत नाहीत. ती वाईट नव्हेत. मला तर आवडतात. फक्त त्यांचा भाव वेगळा, आणि तसं सांगून विकायला हवीत.

*

बार्बर हाफचा संच जमवतोय. विक्रेत्यांच्या ग्रेड एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच नाण्याला एक ‘गुड’ म्हणतो, दुसरा ‘फाइन’. सोपी खूण आहे का?
— वाचक, कोलंबस, ओहायो

याच नाण्यात खूण आहे, म्हणून नवख्यांना मी बार्बरनेच सुरुवात करा म्हणते. चार्ल्स बार्बर यांनी आखलेलं, १८९२ ते १९१५. लिबर्टीच्या कपाळावरच्या पट्टीवर LIBERTY ही सात अक्षरं कोरलेली आहेत, म्हणजे एल, आय, बी, ई, आर, टी, वाय. पट्टी उंच भागावर आहे, म्हणून आधी तीच झिजते. अक्षरं सगळी गेली पण कड शाबूत आहे, तर गुड, जी-४. दोन-तीन अक्षरं वाचता आली, तर व्हेरी गुड, व्हीजी-८. सातही दिसली, भले फिकट का होईना, तर फाइन, एफ-१२. सातही ठळक आणि पट्टीच्या दोन्ही कडा स्पष्ट, तर व्हेरी फाइन, व्हीएफ. नाण्याची कडही काठालगतच्या अक्षरांत मिसळून गेली असेल तर गुडच्या खाली, एजी-३.

आता यात लबाडी कुठे होते ते सांगते. मागच्या बाजूला नजर टाकायला लोक विसरतात. पुढून फाइन आणि मागून जेमतेम गुड अशी नाणी असतात. भाव मागच्या, म्हणजे वाईट बाजूचाच धरायचा.

बार्बर हाफ लोकांनी खरोखर वापरले. पन्नास सेंट म्हणजे त्या काळी कामगाराची चांगली रक्कम. म्हणून आज जे मिळतात ते बहुतेक गुळगुळीत गोटे. व्हीएफ आणि एक्सएफ या मधल्या ग्रेडची, न घासलेली, राखाडी रंगाची बार्बर नाणी शोधायला गेलात तर कळेल की नवी कोरी मिळतात, गोटे मिळतात, मधली मात्र दिसत नाहीत. मला विचाराल तर सगळ्या अमेरिकी नाण्यांत सर्वांत सुंदर वस्तू म्हणजे इमानदारीने झिजलेला व्हीएफ बार्बर. उंच भाग फिकट, खोलगट भाग गडद, जणू पेन्सिलीने छाया दिलेली. पांढरा फटक व्हीएफ दिसला तर खाली ठेवा. शंभर वर्षं फिरलेलं नाणं पांढरं राहत नसतं.

संच करताना १९१३, १९१४ आणि १९१५ या फिलाडेल्फियाच्या तीन तारखांसाठी पैसे राखून ठेवा. कमी पाडली गेली आहेत. १९१४ चं तर जेमतेम सव्वा लाख.

*

१८२९ चं नाणं, जवळजवळ दोनशे वर्षांचं, आणि विक्रेता एक्सएफमध्ये परवडेल अशा भावात देतोय. १९२१ चं कितीतरी नवं नाणं त्याच ग्रेडमध्ये अनेक पट महाग. काहीतरी खोट आहे ना?
— वाचक, फिलाडेल्फिया

खोट नाही. वय आणि दुर्मीळपणा हे सख्खे भाऊ नव्हेत.

तुमचं नाणं ‘कॅप्ड बस्ट’ जातीचं. जॉन राइक यांनी आखलेलं, १८०७ पासून चाललेलं, आणि तुमच्याच शहरातल्या टांकसाळीत पाडलेलं. चांदीचा डॉलर १८०४ नंतर पाडणं थांबलं, ते १८३६ पर्यंत. त्या सगळ्या काळात अर्धा डॉलर हेच चांदीचं सर्वांत मोठं नाणं होतं. मग बँकांनी काय केलं? याचीच पोती भरून तिजोरीत ठेवली. दोन बँकांचा हिशेब मिटवायचा तर पोतं इकडून तिकडे जाई. नाणं जनतेच्या हातात फारसं येतच नसे. काउंटरवर आयुष्य काढल्यामुळे हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. आम्हीही तेच करायचो, फक्त पोत्याऐवजी खोकी होती.

म्हणून १८२० आणि १८३० च्या दशकातले हाफ एक्सएफ आणि एयूमध्ये आजही भरपूर आहेत. झीज कमी, पण पोत्यातली घसट आणि कडेला ठोके असतातच. कडेवर हात फिरवा. रेघा नाहीत, अक्षरं आहेत, त्यांत नाण्याची किंमत शब्दांत लिहिलेली. ती अक्षरं आधी चकतीच्या कडेवर दाबून घेत आणि मग ठसा मारत. तराजूवर १३.४८ ग्रॅमच्या आसपास यायला हवं, कारण त्या वेळच्या नाण्यात ८९.२४ टक्के चांदी असे. पुढे १८३७ मध्ये प्रमाण ९० टक्के केलं आणि वजन थोडं उतरलं. कडेवर अक्षरांऐवजी रेघा असतील आणि तारीख १८२९ असेल, तर मात्र नाणं परत करा.

१९२१ चं वॉकिंग लिबर्टी महाग का? त्या वर्षी फिलाडेल्फियात २ लाख ४६ हजार आणि डेन्व्हरमध्ये २ लाख ८ हजार. एवढेच. आणि ते सरळ लोकांच्या खिशात गेले.

*

भंगार बाजारात १९३८ चा ‘डी’ हाफ फार स्वस्तात मिळाला. नशीब म्हणू की काळजी करू?
— वाचिका, सॅक्रमेंटो

काळजी करा, पण थोडीच.

१९३८ मध्ये डेन्व्हरने फक्त ४ लाख ९१ हजार ६०० हाफ पाडले. फिलाडेल्फियाने ४० लाखांवर. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर खूण नसते. तेव्हा कुणीतरी स्वस्त फिलाडेल्फिया घ्यायचा, त्यावर एक ‘डी’ चिकटवायचा, आणि झालं. ही युक्ती जुनी आहे. दहा पटीचं भिंग घ्या आणि मागच्या बाजूला, डावीकडे खाली, पाइनच्या फांदीखाली बघा. खरं अक्षर नाण्याच्या धातूतूनच वर आलेलं असतं. पायथ्याशी सांधा नसतो आणि भोवतीच्या चमकेच्या रेषा अक्षरापर्यंत सलग येतात. चिकटवलेल्याच्या पायथ्याशी काळी बारीक रेघ दिसते, नाहीतर भोवतालची जागा घासून सपाट केलेली असते. वजन १२.५० ग्रॅमच्या जवळ असेल, कारण नाणं खरंच आहे, अक्षर खोटं. म्हणून इथे तराजू मदत करणार नाही.

आणि एक: १९१६ च्या नाण्याची खूण मागे शोधू नका. त्या वर्षी ती पुढच्या बाजूला होती. १९१७ मध्ये आधी पुढे, मग मागे गेली. एका बाईंनी माझ्यासमोर १९१६ चा ‘एस’ साध्या भावात विकायला काढला होता, मागे खूण नाही म्हणून. मी नाणं उलटं करून त्यांच्या हातात दिलं.

*

माझ्याकडे बऱ्या अवस्थेतली सात नाणी आहेत. ग्रेडिंग कंपनीकडे पाठवून प्लास्टिकच्या डबीत बंद करून घ्यावी का?
— वाचक, सिएटल

कोणती सात, ते लिहिलं नाहीत. १९४० च्या दशकातले साधे वॉकिंग लिबर्टी असतील तर शुल्क आणि टपाल मिळून नाण्याहून जास्त होईल. १९२१ चं असेल, १९१६ चा ‘एस’ असेल, किंवा खरेखोटेपणाची शंका असेल, तर पाठवा.

पीसीजीएस ही ग्रेडिंग कंपनी १९८६ मध्ये सुरू झाली, एनजीसी ही दुसरी १९८७ मध्ये. त्याआधी ग्रेड म्हणजे विकणाऱ्याचं तोंड होतं. विकताना एमएस-६५, म्हणजे नवं कोरं, विकत घेताना एयू. डबीने हा तमाशा बराच कमी केला, हे मान्य करायलाच हवं. पण डबीवरचा आकडा हे मत आहे. माझं १९३६ चं एक नाणं पहिल्यांदा ६४ आलं, डबी फोडून परत पाठवलं तर ६५. नाणं मधल्या काळात सुधारलं नव्हतं.

१ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली, तीही चांदीसाठी नव्हे, जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी. कल्पना अशी की ७० चं नाणं १ च्या नाण्याच्या सत्तर पट किमतीचं. ते गणित बाजाराने केव्हाच मोडलं, आकडे राहिले. आणि हेच गृहस्थ न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट काढून त्यांच्या जागी हलकी ठेवत होते, असं पुढे उघड झालं. रोज त्यांच्या मोजपट्टीने मोजते, पण त्यांना घरी बोलावलं नसतं.

पाठवणारच असाल तर आधी प्रत्येक नाणं दिव्याखाली फिरवा. घासलेलं, बुडवलेलं, कडेला छिद्र बुजवलेलं असेल तर आकडा मिळणार नाही. ‘डिटेल्स’ असा शेरा येईल आणि शुल्क मात्र पूर्ण जाईल.

*

आजी, मी तेरा वर्षांचा आहे. पणजोबांच्या कपाटात फ्रँकलिन हाफचं निळं पुठ्ठ्याचं पुस्तक सापडलं, भोकं असलेलं. पाचच नाणी आहेत. पूर्ण करता येईल का?
— शिकागोजवळून

येईल रे. तुझ्याच पत्राची मी वाट बघत होते.

१९४८ ते १९६३, सगळ्या टांकसाळी मिळून फक्त ३५ भोकं. यात एकही नाणं असं नाही की ज्यासाठी घर विकावं लागेल. वापरलेल्या नाण्यांनी भर. एका वेळी एक घे, आणि घेण्याआधी त्याच तारखेची तीन तरी नाणी शेजारी शेजारी ठेवून बघ. कुठलं निवडलंस आणि का, ते वहीत लिही. सहा महिन्यांनी वही वाच, तेव्हा स्वतःच्याच निवडीवर चिडशील. चिडलास म्हणजे डोळा तयार झाला.

जॉन सिनॉक यांनी हे नाणं आखलं. ते १९४७ मध्ये गेले, म्हणून उरलेलं काम गिलरॉय रॉबर्ट्स यांनी केलं. मागे लिबर्टी बेल आहे आणि बाजूला एक चिमुकला गरुड. गरुड नाण्यावर असलाच पाहिजे असा कायदा होता, म्हणून तो बिचारा कोपऱ्यात उभा केला आहे. घंटेच्या खालच्या भागात आडव्या बारीक रेषा आहेत. नवं नाणं असेल आणि त्या रेषा डावीकडून उजवीकडे न तुटता गेल्या असतील, तर त्याला ‘फुल बेल लाइन्स’ म्हणतात आणि भाव वाढतो. १९५३ च्या ‘एस’ वर तशा रेषा जवळजवळ कधीच सापडत नाहीत. तुझ्या पुस्तकासाठी त्याची काळजी नको. पण प्रत्येक वेळी घंटा बघायची सवय लाव.

१९५५ चं भोक रिकामं असेल तर ते शेवटी भर. त्या वर्षी फिलाडेल्फियाने साधारण २५ लाख पाडले, या मालिकेत सर्वांत कमी, तरीही सहज मिळतं. त्यातल्या काही नाण्यांत गंमत आहे. दोन ठसे मधे चकती नसताना एकमेकांवर आदळले आणि गरुडाच्या पंखाची खूण फ्रँकलिनच्या ओठांवर उमटली. त्याला पुढे दोन दात आल्यासारखे दिसतात. सगळे त्याला कार्टूनमधल्या सशावरून ‘बग्ज बनी’ म्हणतात. दुकानात १९५५ चं दिसलं की आधी तोंड बघ. दात सापडले तर फोटो काढून मला पाठव, भिंगातून काढ, आणि नाण्याला बोट लावू नकोस.